यादीतले शेवटचे नाव

1960 सालच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी निवडलेल्या अमेरिकी आइस हॉकी संघाच्या एका फोटोत एका खेळाडूचे धड एकाचे आणि डोके दुसऱ्याचे आहे. फोटो काढला तेव्हा त्या जागी हर्ब ब्रूक्स नावाचा मिनेसोटाचा बावीस वर्षांचा मुलगा होता. स्पर्धा तोंडावर आली असताना त्याला संघातून काढले गेले आणि त्याच्या जागी बॉब क्लिअरी हा खेळाडू आला. पुन्हा सगळ्यांना गोळा करून नवा फोटो काढण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. क्लिअरीचे डोके ब्रूक्सच्या खांद्यांवर चिकटवून काम भागवण्यात आले. त्या संघाने कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅली येथे कॅनडाला आणि सोव्हिएत संघाला हरवून अमेरिकेला आइस हॉकीतले पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. ब्रूक्सने तो विजय सेंट पॉलमधल्या घरी वडिलांबरोबर टीव्हीवर पाहिला. सामना संपल्यावर वडील म्हणाले, कोचने योग्य माणसालाच काढलेले दिसते. हा किस्सा ब्रूक्स स्वतःच पुढे आयुष्यभर सांगत राहिले, त्यामुळे तो खोटा मानण्याचे कारण नाही.

मिनेसोटात राहायला आलेल्या माणसाला हे नाव टाळता येत नाही. सेंट पॉलच्या मध्यवस्तीत त्यांचा पुतळा आहे, सेंट क्लाउड गावातल्या विद्यापीठाची रिंक, म्हणजे हॉकीचे बर्फाचे मैदान, त्यांच्या नावाची आहे, आणि शाळकरी मुलांच्या सरावात रोज कोणीतरी ‘हर्बी’ हा शब्द ओरडत असतो. बाहेरच्या जगाला ब्रूक्स ठाऊक आहेत ते 1980 च्या फेब्रुवारीतल्या दोन आठवड्यांमुळे, जेव्हा त्यांच्या कॉलेजवयीन पोरांनी लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवले. मला मात्र त्या दोन आठवड्यांपेक्षा त्यांची त्याआधीची सात वर्षे, म्हणजे 1972 ते 1979 या काळातली मिनेसोटा विद्यापीठाच्या कोचची नोकरी, जास्त विचार करायला लावते. कोच शिकवतो, डावपेच आखतो, शिट्टी फुंकतो हे सगळे खरेच. पण कॉलेजच्या कोचचे खरे काम कोणाला ठेवायचे आणि कोणाला घरी पाठवायचे हे ठरवण्याचे असते, आणि ते काम करणारा हा माणूस स्वतः एकदा अगदी शेवटच्या क्षणी घरी पाठवला गेलेला होता.

आपल्याकडे खेळ हा अभ्यासाच्या आड येणारा प्रकार मानत वाढलेल्या माझ्यासारख्याला अमेरिकी कॉलेज-खेळांची व्यवस्था समजायला वेळ लागतो. इथे विद्यापीठाचा कोच हा पूर्णवेळ पगारी माणूस असतो. तो शाळांच्या रिंका पालथ्या घालतो, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांशी बोलतो, कोणाला शिष्यवृत्ती द्यायची हे ठरवतो, आणि मग चार वर्षे त्या मुलाच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच्या हातात असतो. दर वर्षी काही मुले पदवी घेऊन जातात, तितकीच नवी येतात, आणि ज्याला गेल्या वर्षीपर्यंत हमखास जागा होती त्याची जागा एखादा नवखा घेतो. राष्ट्रीय विजेतेपदाची शेवटची फेरी एका सामन्याची बाद पद्धतीची असते. सहा महिन्यांची मेहनत एका संध्याकाळी संपू शकते.

या सगळ्याला मिनेसोटात आणखी एक धार होती. 1950 च्या दशकात अमेरिकेतली बरीच विद्यापीठे आपले संघ कॅनडाच्या खेळाडूंनी भरत होती. तिकडे ज्युनियर स्पर्धांमध्ये मुरलेले, वयाने थोडे मोठे खेळाडू आयते मिळत. ब्रूक्सचे कोच जॉन मारियुची हे उत्तर मिनेसोटाच्या लोहखाणींच्या पट्ट्यातल्या इव्हलेथ गावचे, स्वतः शिकागोकडून व्यावसायिक हॉकी खेळलेले. त्यांचा हट्ट असा की राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात राज्यातल्या मुलांना जागा मिळाली पाहिजे. हट्टाची किंमत त्यांनी मोजली; त्यांच्या हाती राष्ट्रीय विजेतेपद कधी लागले नाही. ब्रूक्स हे त्यांच्याच हाताखाली वाढले. सेंट पॉलच्या पूर्व भागातल्या कष्टकरी वस्तीतला हा मुलगा 1955 मध्ये जॉन्सन हायस्कूलकडून राज्य शालेय स्पर्धा जिंकला होता, आणि ऑलिंपिकचे सुवर्ण पाहिलेल्या लोकांनाही तो सांगे की ते शालेय जेतेपद आपल्याला फार मोलाचे वाटते. मार्चमधली ती शालेय स्पर्धा इथे राज्याचा उत्सवच असते, त्यामुळे यात विनयाचा देखावा नसावा.

1960 च्या त्या धक्क्यानंतर ब्रूक्सने खेळ सोडला नाही. विमा विकता विकता तो खेळत राहिला आणि 1964 ला इन्सब्रुक आणि 1968 ला ग्रेनोबल अशा दोन ऑलिंपिक संघांत त्याने जागा मिळवली. पदक दोन्हीकडे नाही. सोव्हिएत संघ कसा खेळतो हे मात्र त्याने त्या वर्षांत जवळून पाहिले: पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, पुढे भिरकावून त्यामागे धावण्याऐवजी तो आपल्यातच खेळवत राहायचा, पाचही जणांनी सतत जागा बदलायच्या, आणि दमसासावर समोरच्याला संपवायचे. तिसाव्या वर्षी निवृत्तीकडे झुकलेल्या एका हौशी खेळाडूने प्रतिस्पर्ध्याकडून इतके शिकून घ्यावे, हे मला त्या दोन पदकहीन ऑलिंपिकांचे खरे फळ वाटते.

1972 मध्ये मिनेसोटाने त्यांना मुख्य कोच केले तेव्हा संघ आपल्या लीगमध्ये आदल्या वर्षी तळाला होता. दोनच हंगामांत, 1974 ला, विद्यापीठाने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि तेही जवळजवळ संपूर्णपणे मिनेसोटाच्या मुलांच्या जोरावर. मारियुचींना जे साधले नव्हते ते त्यांच्याच अटीवर त्यांच्या शिष्याने करून दाखवले. पाठोपाठ 1976 आणि 1979 ची विजेतेपदे आली. मधल्या 1975 ला अंतिम सामन्यात मिशिगन टेककडून 6-1 असा सपाटून मार खाल्ला होता, आणि पुढच्या वर्षी त्याच संघाला अंतिम सामन्यात हरवून त्यांनी तो हिशेब पुरा केला.

या सात वर्षांत त्यांची जी रीत तयार झाली तिच्याविषयी त्यांचे खेळाडू आजही थोड्या धास्तीने बोलतात. ते मुलांत मिसळत नसत. कौतुक करणे, पाठीवर हात ठेवणे, घरची चौकशी करणे ही कामे सहायकांकडे; स्वतः मात्र दूर, चेहरा कोरा. एखाद्या चांगल्या खेळाडूला मुद्दाम सगळ्यांसमोर झोडपून काढायचे, म्हणजे बाकीचे त्याच्या बाजूने एक होतील. निव्वळ गुणवत्तेवर जिंकण्याइतकी गुणवत्ता तुमच्यात नाही, हे त्यांचे पेटंट वाक्य होते. ऑलिंपिक संघातल्या पोरांनी अशी वाक्ये गुपचूप वहीत उतरवून ठेवायला सुरुवात केली होती. कोल्हापूरच्या तालमीतला जुना वस्ताद ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल, फक्त ब्रूक्सकडे मानसशास्त्राची पदवीही होती आणि ते तिचा वापर करत.

‘हर्बी’ म्हणजे काय हे मी माझ्या मुलीच्या सरावात पाहिले. पहाटेची वेळ, रिंकवर आमच्या श्वासाची वाफ, आणि दहा वर्षांखालच्या मुली गोलरेषेवर ओळीने उभ्या. शिट्टी वाजली की जवळच्या निळ्या रेषेपर्यंत जाऊन परत, मधल्या लाल रेषेपर्यंत जाऊन परत, पलीकडच्या निळ्या रेषेपर्यंत जाऊन परत, आणि शेवटी दोनशे फूट लांबीच्या रिंकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत. प्रत्येक रेषेवर स्केट्स आडव्या घासून थांबायचे, की बर्फाचा भुगा उडतो, आणि उलट्या दिशेला शून्यापासून वेग घ्यायचा. दम काढणारी गोष्ट धावणे नसून हे थांबणे आहे. दुसऱ्या फेरीला मुलींच्या मांड्या थरथरू लागतात, तिसऱ्या फेरीला त्या एकमेकींना हाका मारू लागतात. कोच तिसऱ्या फेरीनंतर थांबवतात आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवतात. 1979 च्या सप्टेंबरमध्ये ओस्लोत नॉर्वेशी 3-3 अशी बरोबरी झाल्यावर ब्रूक्सनी आपल्या ऑलिंपिक संघाला प्रेक्षक घरी गेल्यानंतर त्याच बर्फावर उभे केले आणि हेच करायला लावले. रिंकच्या माणसाने दिवे मालवले, तरी अंधारात ‘पुन्हा’ हा एक शब्द येत राहिला.

तो ऑलिंपिक संघ निवडण्याचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की मला सगळ्यांत चांगले खेळाडू नकोत, योग्य खेळाडू हवेत. उमेदवारांना त्यांनी तीनशे प्रश्नांची मानसशास्त्रीय चाचणी सोडवायला लावली. शेवटी निवडलेल्या वीसांत नऊ जण त्यांच्याच मिनेसोटा विद्यापीठाचे आणि चार बॉस्टन विद्यापीठाचे निघाले, आणि गोम तिथेच होती. 1976 च्या राष्ट्रीय उपांत्य सामन्यात या दोन विद्यापीठांची अशी मारामारी झाली होती की खेळ बराच वेळ थांबला. एकमेकांना गुद्दे हाणलेल्या पोरांना एका खोलीत आणायचे, तर त्यांना एकत्र येण्यासाठी समान शत्रू पाहिजे. ब्रूक्सनी ती भूमिका स्वतःकडे घेतली. सहायक क्रेग पॅट्रिक यांनी मुलांची समजूत घालायची, आणि ब्रूक्सनी नकोसे व्हायचे.

त्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला, जो माझ्या मते बर्फावरच्या कुठल्याही गोलपेक्षा महत्त्वाचा आहे. स्पर्धा जवळ आली असताना ब्रूक्सनी आपल्या विद्यापीठातला एक भरात असलेला खेळाडू आयत्या वेळी संघाबरोबर आणून पाहिला. खेळाडू चिडले. आम्ही सहा महिने एकत्र घाम गाळला आहे, आता बाहेरचा कोणी आणू नका, असे त्यांनी तोंडावर सांगितले. 1960 मध्येही असेच झाले होते: क्लिअरी बंधू शेवटी आले, जुने खेळाडू कुरकुरले, आणि त्यात बळी गेला तो ब्रूक्सचा. वीस वर्षांनी ब्रूक्स टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी माघार घेतली आणि नवा मुलगा परत गेला. ही त्यांची शरणागती होती की संघ एक झाला आहे का हे तपासण्याची युक्ती होती, यावर आजही वाद घालता येतो. मला दोन्ही थोडे थोडे खरे वाटते, कारण स्वतःच्या जखमेची युक्ती करून टाकणे या माणसाला सहज जमत होते.

तरीही शेवटचे नाव कापावेच लागले. ते रॅल्फ कॉक्स या न्यू हॅम्पशायर विद्यापीठाकडून खेळलेल्या गोलंदाज पोराचे होते. गोलंदाज म्हणजे गोल करणारा, क्रिकेटचा संबंध नाही. कॉक्सने सगळे ऐकून घेतले, तक्रार केली नाही, आणि उलट कोचलाच सांगितले की हा संघ पदक जिंकणार याची मला खात्री आहे. ब्रूक्सनी नंतर सांगितले की त्या क्षणी आपल्याला आपला 1960 चा चेहरा दिसला, आणि ऑलिंपिकमधली आपल्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट कोणती म्हणाल तर ती हीच. सुवर्ण जिंकलेल्या कोचने असे म्हणावे, हे शोभेचे वाक्य म्हणून सोडून देता येत नाही.

पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे म्हणून ती थोडक्यात. स्पर्धेच्या तीन दिवस आधी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सोव्हिएत संघाने त्यांना 10-3 असे धुतले होते. 22 फेब्रुवारीला त्याच संघाविरुद्ध अमेरिकेचे गोलवर फटके 16 आणि समोरच्यांचे 39, आणि निकाल 4-3 असा अमेरिकेच्या बाजूने. पहिल्या सत्राचा अखेरचा सेकंद उरला असताना मार्क जॉन्सनने बरोबरी साधली, आणि सोव्हिएत कोच तिखोनोव्ह यांनी जगातला सर्वश्रेष्ठ गोलरक्षक त्रेत्याक याला बसवून टाकले. त्या सामन्यात एका कोचने वगळण्याचा घेतलेला हा एक निर्णय, आणि तो बहुधा सामन्यातला सर्वांत महागडा. दोन दिवसांनी फिनलंडला 4-2 असे हरवल्यावर सुवर्ण पक्के झाले. सोव्हिएत संघावरच्या विजयानंतर सगळे बर्फावर लोळत असताना ब्रूक्स मात्र बेंच सोडून आत निघून गेले. तो क्षण मुलांचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

यानंतरची तेवीस वर्षे मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मानवी वाटतात, कारण त्यांत ते पुन्हा पुन्हा स्वतः वगळले गेले. स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस संघाच्या कोचपदानंतर 1981 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स या व्यावसायिक संघाने त्यांना घेतले. तिथे त्यांनी छोट्या चणीच्या वेगवान खेळाडूंवर भर दिला, ज्याची व्यावसायिक हॉकीत तेव्हा टिंगल झाली. 1984 च्या प्लेऑफमध्ये त्यांच्या रेंजर्सना निर्णायक सामन्याच्या जादा वेळेत गोल करून बाहेर काढले ते आयलँडर्स या प्रतिस्पर्धी संघाच्या केन मॉरोने, म्हणजे त्यांच्याच ऑलिंपिक संघातल्या बचावपटूने. पुढच्या जानेवारीत रेंजर्सनी त्यांना काढून टाकले. कॉलेजच्या पोरांना तेव्हा चार वर्षे एका कोचशिवाय फारसा पर्याय नसे; लाखोंचे करार असलेल्या व्यावसायिकाला कोच नकोसा झाला, तर जातो तो कोच. नकोसे होण्यावर सगळी इमारत उभी केलेल्या माणसाला हे जड गेले असणार.

त्यानंतर 1986 मध्ये ऑलिंपिकविजेते कोच सेंट क्लाउड स्टेट या खालच्या गटातल्या विद्यापीठात एका हंगामासाठी आले. त्यांचे गुरू मारियुची यांनीच त्यांना तसे सुचवले होते असे सांगितले जाते. एका हंगामात संघ त्या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आला, पुढे विद्यापीठ वरच्या गटात गेले, आणि राज्य सरकारच्या मदतीने नवी रिंक उभी राहिली. मग पुन्हा व्यावसायिक संघ: मिनेसोटा, न्यू जर्सी, पिट्सबर्ग, कुठेच मुक्काम लांबला नाही. 1998 मध्ये नागानोला ते फ्रान्सच्या संघाचे कोच होते. 2002 ला सॉल्ट लेक सिटीत अमेरिकेच्या संघाला त्यांनी रौप्यपदक मिळवून दिले. उपांत्य सामन्यात रशियाला हरवले तो दिवस योगायोगाने पुन्हा 22 फेब्रुवारीच होता. 11 ऑगस्ट 2003 रोजी मिनेसोटात महामार्गावर मोटार अपघातात ते गेले. हॉकीच्या टोरांटोतल्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव आले ते 2006 मध्ये, मृत्यूनंतर.

आता एक गोष्ट जी इथल्या लोकांना बोलून दाखवायला मी कचरतो. ब्रूक्सची कठोर रीत यशस्वी झाली असे आपण म्हणतो, कारण आपल्यापुढे बोलणारे सगळे जिंकलेले खेळाडू आहेत. सात वर्षांत ज्यांना या रीतीने मोडले, जे दुसऱ्या वर्षी स्केट्स टांगून घरी गेले, त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. कॉक्स मोठ्या मनाचा होता म्हणून त्याची गोष्ट सुंदर झाली. प्रत्येक वगळलेला मुलगा इतका मोठ्या मनाचा असावा, अशी अपेक्षा ठेवण्याचा कोचला अधिकार नाही. आणि कठोरपणाशिवाय जिंकता येत नाही म्हणावे, तर त्याच काळात, त्याच लीगमध्ये, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात बॉब जॉन्सन नावाचे कोच होते. रोज सकाळी ‘आज हॉकीसाठी छान दिवस आहे’ म्हणत रिंकवर येणारा हा बोलघेवडा, उत्साही माणूस. त्यांनीही विस्कॉन्सिन विद्यापीठाला तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, 1973, 1977 आणि 1981 ला, आणि 1991 मध्ये पिट्सबर्गबरोबर व्यावसायिक हॉकीचा स्टॅन्ली कपही. त्या दोघांचे एकमेकांशी अजिबात पटत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी लपवलीही नाही.

तरीही 1980 च्या संघात ब्रूक्सनी ज्याच्याभोवती आक्रमण रचले, आणि ज्याने सोव्हिएत संघाविरुद्ध दोन गोल केले, तो मार्क जॉन्सन हा याच बॉब जॉन्सन यांचा मुलगा. वैऱ्याच्या मुलाला वगळणे सोपे होते, आणि कारणे शोधायला ब्रूक्सना वेळ लागला नसता. त्यांनी ते केले नाही, एवढ्यासाठी मी त्यांच्या खाती बरेच काही माफ करायला तयार आहे. मार्क जॉन्सन 2002 पासून विस्कॉन्सिनच्या महिला संघाचे कोच आहेत आणि 2025 पर्यंत त्यांच्या संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली आहेत, म्हणजे वडिलांची आणि ब्रूक्सची मिळून होतात त्यापेक्षा दोन जास्त. त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्यात आवाज चढवल्याचे वर्णन क्वचितच सापडते. आमच्याकडच्या मुलींना मिनेसोटाची पक्की पोरे असल्यामुळे विस्कॉन्सिन हरावे असेच वाटते, पण सामना टीव्हीवर असला की त्यांच्या कोचच्या बेंचकडे मी जरा जास्तच बघत राहतो.